आपत्कालीन विभागातील 'लीन' : वाचलेली मिनिटे जातात कुठे?

त्रियामा (धागाकर्ता)

गेली चौदा वर्षे मी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात डॉक्टर म्हणून काम करतो आहे. या काळात आमच्या विभागात 'लीन' व्यवस्थापन एकदा येऊन गेले आणि आता ते पुन्हा येऊ घातले आहे. पहिल्या खेपेच्या समारोपाच्या अहवालात असे लिहिले होते, की कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध असल्यामुळे अपेक्षित परिणाम साधता आले नाहीत. ते वाक्य मला तेव्हाही चुकीचे वाटले होते आणि आजही वाटते. त्याविषयी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांना या पद्धतीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिची मुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोयोटाच्या कारखान्यांत आहेत. तिथले अभियंते तायची ओनो यांनी कामातील व्यर्थ गोष्टींचे सात प्रकार मांडले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणे, विनाकारण ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, माणसांची व्यर्थ हालचाल आणि दोष. 'लीन' हे नाव मात्र जपानी नाही. १९८८ साली जॉन क्रॅफचिक या अमेरिकी संशोधकांनी आपल्या एका लेखात ते वापरले आणि तेच रूढ झाले. रुग्णालयांत हा विचार प्रामुख्याने गेल्या पंचवीसएक वर्षांत रुजला. रुग्ण दारात आल्यापासून घरी किंवा वॉर्डात जाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर मांडायचा, त्यातला रुग्णाच्या उपयोगाचा वेळ कोणता आणि नुसता वाट पाहण्यात गेलेला कोणता हे वेगळे करायचे आणि दुसरा कमी करायचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी पाहायचे ते ठरवण्याच्या, टेबलासमोर ताटकळलेली रांग रोज पाहणाऱ्या कोणालाही यात वावगे वाटू नये, आणि सुरुवातीला आम्हालाही वाटले नव्हते.

आता दोन प्रसंग सांगतो. निरीक्षणासाठी आलेला तरुण अतिशय सौजन्यशील होता. त्याच्या हातातल्या कागदावर दोन रकाने होते : मूल्य देणारा वेळ आणि मूल्य न देणारा वेळ. त्या रात्री हृदय बंद पडलेल्या एका रुग्णाला आणले गेले. चाळीस मिनिटे छातीवर दाब देऊनही यश आले नाही आणि आम्ही थांबलो. आमच्या सिस्टर त्याच्या पत्नीला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या आणि तिचा भाऊ येईपर्यंत तिचा हात हातात धरून बसल्या. पुढच्या आठवड्यात विभागाच्या भिंतीवर वेळेचा तक्ता लागला, तेव्हा त्यात ती अकरा मिनिटे मूल्य न देणाऱ्या वेळेत जमा झालेली होती. सिस्टरांनी तो तक्ता उभ्या उभ्या वाचला, खोक्यातून हातमोज्यांची जोडी ओढली आणि त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या. त्यांनी कोणाकडेही तक्रार केली नाही, पण त्यानंतरच्या एकाही बैठकीत त्या बोलल्या नाहीत.

दुसरा प्रसंग रक्ताच्या नमुन्यांचा आहे. नळ्या एका कपाटात, नावाच्या चिकटपट्ट्या छापणारे यंत्र दुसऱ्या टोकाला आणि नमुने पाठवण्याची खिडकी तिसरीकडे, अशी आमची मांडणी होती. चिकटपट्ट्या ट्रायाजलाच छापाव्यात आणि नळ्या प्रत्येक खाटेपाशी ठेवाव्यात, ही सूचना परिचारिकांनीच केली. प्रत्येक रुग्णामागे पाच-सहा मिनिटांची धावपळ वाचली आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल जवळजवळ थांबली. तेवढे काही आठवडे विभागात खरा उत्साह होता. तीन महिन्यांनी नवे ड्यूटीपत्रक लागले आणि रात्रपाळीतील एक परिचारिका कमी झाली. कारण असे दिले गेले, की आता कामाचा वेळ वाचतो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की कर्मचाऱ्यांचे 'लीन'विषयीचे मत प्रशिक्षणाच्या दिवशी किंवा भित्तिपत्रकांनी बनत नाही. पहिल्यांदा वाचलेल्या मिनिटांचे काय केले जाते, ते पाहून बनते. ती मिनिटे रुग्णाच्या खाटेपाशी परत आली तर लोक आणखी सूचना देतात, आणि ड्यूटीपत्रकातून वजा झाली तर गप्प बसतात. या गप्प बसण्याला विरोध म्हणणे मला अन्यायाचे वाटते. इतरांचा अनुभव काय आहे?

अधिपरिचारिका

त्रियामा, तुमच्या त्या सिस्टरांच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकते. तरीही या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे माझ्याकडे बरेच आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे इन्फ्युजन पंपांची, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणाऱ्या यंत्रांची, कायम टंचाई असे. प्रत्यक्षात पंप पुरेसे होते. ते लपवलेले असत. प्रत्येक पाळी जाताना एक-दोन पंप पडद्यामागे, लिननच्या कपाटात किंवा टेबलाखाली ठेवून जाई, कारण पुढच्या पाळीत अत्यवस्थ रुग्ण आला आणि पंप मिळाला नाही तर काय, ही भीती प्रत्येकीला होती. बेरीज करताना हातचा राखावा तसे आम्ही पंप राखत होतो. त्यामुळे टंचाई वाढे आणि टंचाई वाढली की लपवणे वाढे. 'लीन'च्या कामात आम्ही एका भिंतीपाशी जमिनीवर रंगीत पट्टीने आठ चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात एक पंप, तारेला जोडलेला. चौकोन रिकामा दिसला तर पंप कोणत्या खाटेला लागला आहे ते वरच्या फळ्यावर लिहायचे. पहिले पंधरा दिवस कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. महिन्याभरात लपवणे बंद झाले, कारण शोधायची वेळच येईना. पट्टीच्या आठ चौकोनांनी माझ्या विभागातली भांडणे जितकी मिटवली तितकी कोणत्याही परिपत्रकाने मिटवली नव्हती.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या लोकांना दिसत नाही. परिचारिकेच्या कामात दिवसभर लहान लहान अडचणी येतात : चादर नाही, औषध आलेले नाही, यंत्राची बॅटरी संपलेली. आम्ही ती अडचण तिथल्या तिथे भागवतो आणि पुढे जातो. अनिता टकर आणि एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधकांनी ९ रुग्णालयांतील २६ परिचारिकांच्या कामाचे बारकाईने निरीक्षण केले आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा परिचारिकांनी अडचण तात्पुरती दूर केली होती, आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून वरपर्यंत पोहोचवण्याचे प्रमाण अगदी थोडे होते. यात परिचारिकांचा दोष नाही; समोर रुग्ण असताना चौकशी करत बसणार कोण? पण याचा परिणाम असा होतो, की तीच अडचण तीच माणसे वर्षानुवर्षे सोडवत राहतात आणि त्या कौशल्याचे कौतुकही होते. 'लीन'ने मला पहिल्यांदा ती अडचण फळ्यावर लिहायला आणि तिच्यासमोर कोणाचे तरी नाव व तारीख टाकायला जागा दिली.

एक तक्रार मात्र आहे. फळ्यासमोरची दहा मिनिटांची बैठक सकाळी साडेआठला होते. रात्रपाळी तोवर बारा तास उभी राहून घरी गेलेली असते. विभागातले सर्वांत कठीण तास जिने पाहिले, तिचे म्हणणे त्या फळ्यावर कधीच येत नाही.

जुळणीवाला

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वाहनांच्या जुळणीच्या साखळीवर अभियंता म्हणून अनेक वर्षे काढली आहेत आणि या पद्धतीत वाढलो आहे. धाग्यातील पहिले दोन प्रसंग वाचून वाईट वाटले, कारण ते या पद्धतीच्या मूळ नियमांच्याच विरुद्ध आहेत.

जपानी मांडणीत तीन शब्द एकत्र येतात : मुदा, मुरा आणि मुरी. मुदा म्हणजे व्यर्थ काम, मुरा म्हणजे कामाचा असमान ओघ आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही एवढा भार टाकणे. कारखान्याबाहेर पडताना ही पद्धत बहुतेक ठिकाणी फक्त पहिला शब्द घेऊन गेली. मुदा कमी करण्याच्या नावाखाली मुरी वाढवली, तर ते आमच्या दृष्टीने बिघाड निर्माण करणे होय. रात्रपाळीतील एक माणूस कमी करणे हे त्याचे सरळ उदाहरण आहे.

दुसरे असे, की साखळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकते आहे असे वाटले की ती ओढायची. ओढल्याबरोबर गटप्रमुख तिथे धावत येतो आणि ठरलेल्या अवधीत अडचण सुटली नाही तर साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही, किंबहुना ती ओढलीच गेली नाही तर वरिष्ठ चिंतेत पडतात. ओनो तर खडूने जमिनीवर वर्तुळ काढून अधिकाऱ्याला त्यात तासन्‌तास उभे करीत आणि काय दिसले ते विचारीत. उंटावरून शेळ्या हाकण्याची सोय या पद्धतीत नाही. तुमच्याकडे स्टॉपवॉच आले, पण दोरी आली का?

नोकरीच्या हमीविषयीही सांगायला हवे. अमेरिकेतील सिॲटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख गॅरी कॅप्लन आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन २००२ मध्ये जपानला गेले आणि परतल्यावर संपूर्ण रुग्णालय या पद्धतीवर चालवायचे त्यांनी ठरवले. त्याच सुमारास त्यांनी जाहीर केले, की सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. जागा कमी झाली तर त्या माणसाला दुसरे काम दिले जाईल. रुग्णाला धोका दिसताच कोणत्याही कर्मचाऱ्याने काम थांबवून सूचना द्यावी, ही आमच्या दोरीसारखी व्यवस्थाही त्यांनी आणली. मला वाटते, या दोन गोष्टी आधी आणि चौकोन-पट्ट्या नंतर, हाच योग्य क्रम आहे.

पडताळा

मी आरोग्यसेवेतील संशोधनाचे लेख तपासण्याचे काम करते. अनुभवांना आकड्यांची जोड मिळावी म्हणून थोडे लिहिते.

आपत्कालीन विभागात 'लीन'मुळे रुग्णांची प्रतीक्षा कमी होऊ शकते, याला आधार आहे. कॅनडातील विंडसर येथील एका रुग्णालयाचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अनुभव बोलका आहे : नोंदणीपासून डॉक्टर भेटेपर्यंतचा सरासरी वेळ १११ मिनिटांवरून ७८ मिनिटांवर आला आणि न तपासताच निघून जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर आले, तेही जादा खाटा किंवा जादा निधी न घेता. रिचर्ड होल्डन यांनी २०११ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया व कॅनडातील १५ आपत्कालीन विभागांवरील लेखांचा चिकित्सक आढावा घेतला. बहुतेक ठिकाणी रुग्णांचा वेळ वाचलेला दिसला. मात्र कर्मचाऱ्यांवर काय परिणाम झाला, हे फारच थोड्या लेखांनी तपासले होते. हा धागा ज्या प्रश्नावर उभा आहे, तोच प्रश्न बहुतेकांनी विचारलेला नव्हता.

कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठातील जॉन मोरारोस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एकूण आरोग्यसेवेतील 'लीन'चा आढावा घेतला, तेव्हा चित्र आणखी गंभीर दिसले. रुग्णांचे समाधान आणि प्रकृतीवरील परिणाम यांच्याशी लक्षणीय संबंध आढळला नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या समाधानाशी तर नकारात्मक संबंध आढळला. त्याच सस्कॅचवान प्रांताने २०१२ मध्ये एका सल्लागार कंपनीशी सुमारे ४ कोटी कॅनेडियन डॉलरचा करार करून प्रांतभर ही पद्धत लागू केली होती. परिचारिकांच्या संघटनेने जाहीर नाराजी व्यक्त केली, विधिमंडळात वाद झाले आणि अखेर तो करार मुदतीआधीच आटोपता घेण्यात आला.

या आकड्यांकडे पाहताना सावध राहावे. बहुतेक अभ्यास 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना करतात. त्याच काळात दुसरे काय बदलले याचा हिशोब नसतो, आणि जिथे प्रयोग फसला तिथले लेख सहसा लिहिलेच जात नाहीत. समाधानाची प्रश्नावली विभागात उरलेले लोक भरतात. कंटाळून नोकरी सोडून गेलेल्यांचे मत त्यात कुठून येणार? शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत योग्य ठिकाणचे उचललेले असावे लागते.

खाट क्रमांक नऊ

मी आपत्कालीन विभागात नाही, वॉर्डात मेडिसिनचा डॉक्टर आहे. म्हणजे ज्याच्याकडे तुम्ही रुग्ण पाठवता आणि जो 'खाट नाही' असे उत्तर देतो, तोच मी. त्या उत्तराच्या मागचे गणित मांडतो, कारण माझ्या मते तुमच्या विभागातील चिडचिडीचे निम्मे कारण तुमच्या विभागात नाहीच.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक सोपा नियम आहे : एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसे असतील, हे ती किती वेगाने येतात आणि प्रत्येकजण किती वेळ थांबतो यांच्या गुणाकारावर ठरते. तासाला दहा रुग्ण येत असतील आणि प्रत्येकजण चार तास थांबत असेल, तर विभागात सरासरी चाळीस रुग्ण असतात. वॉर्डात खाट मिळत नाही म्हणून तोच वेळ सरासरी सहा तास झाला, तर एकही जास्तीचा रुग्ण न येता चाळीसाचे साठ होतात. त्या साठ जणांची नाडी, रक्तदाब, औषधे, नातेवाइकांचे प्रश्न हे सारे तेवढ्याच परिचारिका पाहतात. अशा वेळी नळ्यांचे कपाट हलवून वाचलेली सहा मिनिटे कुठे दिसणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो.

व्यवस्थापनाच्या हिशेबात रिकामी खाट म्हणजे साठा, आणि साठा म्हणजे व्यर्थ. हा हिशेब आपत्कालीन सेवेत घातक आहे. ब्रिटनमध्ये १९९९ साली बॅगस्ट आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूपाने दाखवले, की खाटांचा सरासरी वापर ८५ टक्क्यांच्या पुढे गेला की खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांच्या पुढे रुग्णालयावर वारंवार आणीबाणी ओढवते. रुग्ण ठरवून येत नाहीत, म्हणून काही खाटा रिकाम्या असणे हाच तिथला कामाचा भाग आहे. अग्निशामक दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून तो विकून टाकत नाहीत. २०२० च्या साथीत मास्क आणि गाऊन यांच्या बाबतीत साठा न ठेवण्याची किंमत अनेक देशांतील कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर सोसली आहे, हे विसरू नये.

इंग्लंडमधील चार तासांच्या उद्दिष्टाचा दाखलाही इथे लागू पडतो. आपत्कालीन विभागातील ९८ टक्के रुग्णांना चार तासांत दाखल करावे, घरी पाठवावे किंवा दुसरीकडे हलवावे, असे ते उद्दिष्ट होते आणि २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणले गेले. प्रतीक्षा खरोखर कमी झाली, हे मान्य करायला हवे. पण त्याबरोबरच चार तास पुरे होण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत दाखल होणाऱ्या किंवा घरी जाणाऱ्या रुग्णांची संख्या एकदम उसळलेली दिसू लागली. रुग्णाच्या आजाराला घड्याळ कळत नाही. ती उसळी घड्याळाकडे पाहून घेतलेल्या निर्णयांची होती. ते निर्णय ज्यांना घ्यावे लागले, त्यांच्या मनात मोजमापाविषयी आदर कसा उरेल?

नवशिका

मी विभागात रुजू होऊन सात महिने झाले आहेत. ज्येष्ठांची मते वाचली, पण एक बाजू राहून जाते आहे असे वाटले.

अनुभवी माणसांना ठरवून दिलेली कार्यपद्धती अपमानासारखी वाटते, हे मी पाहिले आहे. मला मात्र तिचा आधार वाटतो. पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाचा श्वास थांबला आणि मला क्रॅश कार्टमधून, म्हणजे जीव वाचवण्याचे साहित्य ठेवलेल्या ढकलगाडीतून, श्वासासाठी योग्य मापाची नळी काढायची होती. आमच्याकडे प्रत्येक कार्टचे कप्पे सारखे लावलेले असतात, प्रत्येक वस्तूच्या जागी तिची बाह्याकृती काढलेली असते आणि कार्टला क्रमांकाचे सील असते. मी तो कप्पा त्याआधी फक्त एकदा पाहिला होता, तरी हात बरोबर जागी गेला. 'आमच्या डोक्यात सगळे असते' असे ज्येष्ठ म्हणतात तेव्हा ते खरेच असते, पण ते माझ्या डोक्यात नसते. म्हणून कर्मचाऱ्यांचे मत असे एकच काही नसावे. कोण किती वर्षे तिथे आहे, कोणत्या पाळीत आहे, यावर ते बरेच बदलत असावे.

अधिपरिचारिका

नवशिका, अगदी बरोबर. त्यात एवढीच भर घालते, की त्या कार्टची मांडणी कोणी ठरवली हे विचारून पाहा. आमच्याकडे ती तीन परिचारिका आणि एका भूलतज्ज्ञाने मिळून दोन दुपारी बसून ठरवली होती. तीच मांडणी छापील नकाशासह वरून आली असती, तर पहिल्याच महिन्यात कप्पे पुन्हा आपापल्या सवयीने लागले असते. आपण स्वतः ठरवलेला नियम मोडताना माणूस थबकतो.

मोजपट्टी

बराच वेळ लिहावे की नाही या विचारात होतो. मी दुसऱ्या एका रुग्णालयात गुणवत्ता विभागात आहे. कागद आणि स्टॉपवॉच घेऊन विभागात उभा राहणारा माणूस म्हणजे मीच. त्या अकरा मिनिटांचा प्रसंग वाचून माझ्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. माझ्याकडेही नातेवाइकांशी बोलण्याचा वेळ सर्रास त्याच रकान्यात टाकलेला आहे. आम्हाला तसेच शिकवले गेले होते : रुग्णाच्या शरीरावर किंवा निदानावर थेट परिणाम करते तेवढेच मूल्य. असे वर्गीकरण करताना त्या खोलीतल्या माणसांना आपण काय सांगतो आहोत, याचा विचार मी केला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या बाजूची अडचण अशी, की कार्यक्रम मंजूर होतानाच वर्षाअखेर किती बचत दाखवणार, असा आकडा लिहून द्यावा लागतो. प्रतीक्षा कमी झाली हे बचतीत मोजले जात नाही, चुका टळल्या हेही मोजले जात नाही. पगाराचा खर्च कमी झाला की तेवढेच दिसते. त्यामुळे ड्यूटीपत्रकावर हात पडतो. हे समर्थन म्हणून नव्हे, तर निर्णय नेमका कुठे वाकतो ते कळावे म्हणून सांगतो आहे. त्रियामा, तुमच्याकडे दुसरी खेप सुरू होते आहे; या वेळी तुम्ही नेमके काय मागणार आहात?

त्रियामा (धागाकर्ता)

मोजपट्टी, तुम्ही हे इतक्या मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. बचतीच्या आकड्याची गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. ती कळली असती तर आमचा राग योग्य दाराशी गेला असता.

उत्तराआधी आमच्याच बाजूची एक चूक मान्य करतो. 'रुग्ण म्हणजे मोटारगाडी नव्हे' हे वाक्य आम्ही डॉक्टर फार सहज तोंडावर फेकतो आणि चर्चा तिथेच संपवतो. ते खरे आहेच, पण बरेचदा ते आम्हाला आमच्या सवयी तपासण्यापासून वाचवते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील फ्लिंडर्स मेडिकल सेंटरने २००३ च्या सुमारास आपल्या आपत्कालीन विभागात रुग्णांचे दोन प्रवाह केले : बहुधा घरी जातील असे आणि बहुधा दाखल होतील असे. प्रत्येक प्रवाहाची स्वतंत्र टीम होती आणि शक्यतो आलेल्या क्रमाने रुग्ण पाहिले जात. आजाराची विविधता कायम ठेवूनही कामाचा ओघ सुधारता येतो, हे त्यातून दिसले. आमच्याकडे हाताला टाके घालायचा माणूस पाच तास बसून राहतो, कारण त्याच्या पुढे सतत कोणी तरी जास्त आजारी येत असतो. या पाच तासांना आजाराची विविधता जबाबदार नाही. आम्ही लावलेली एकच रांग जबाबदार आहे. हे मी पहिल्या खेपेलाच बोलायला हवे होते.

आता मागण्यांविषयी. गेल्या आठवड्यात पहिली बैठक झाली आणि या धाग्यावरचे बरेचसे मी तिथे मांडले. पहिली मागणी लेखी हमीची आहे : या कार्यक्रमातून वाचलेल्या वेळेच्या आधारावर दोन वर्षे कोणत्याही पाळीतील एकही जागा कमी होणार नाही. दुसरी, फळ्यासमोरची बैठक दिवसातून दोनदा, त्यातली एक पहाटे सहाला, रात्रपाळी संपण्याआधी. तिसरी मागणी खाट क्रमांक नऊ यांच्या लिखाणातून सुचली : दाखल करण्याचा निर्णय झाल्यापासून वॉर्डात खाट मिळेपर्यंतचा वेळ आमच्या फळ्यावर नको, तो वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयातील फळ्यावर त्यांच्या नावासमोर लिहावा, कारण तो आमच्या हातात नाही. या तिसऱ्या मागणीवर बराच वेळ शांतता होती.

रकान्यांचा प्रश्न मात्र मागणीची वाट न पाहता सुटला. आपल्या त्या सिस्टरच या वेळी निरीक्षणाच्या कागदाचा मसुदा करणाऱ्या गटात आहेत. त्यांनी तिसरा रकाना घातला आहे : 'सोबत'. मृत्यूची बातमी सांगणे, घाबरलेल्या मुलाजवळ थांबणे, निर्णय समजावून देणे हे त्यात येईल, आणि हा वेळ कमी करणे हे कोणत्याही टप्प्याचे उद्दिष्ट नसेल. शिवाय फळ्यावर एक जादा ओळ आखली आहे : वाचलेला वेळ कुठे वापरला. पहिली नोंद रात्रपाळीची आहे. त्यात लिहिले आहे, की पंप शोधावा लागला नाही, म्हणून चार क्रमांकाच्या आजोबांना कुशीवर वळवून त्यांची पाठ पाहता आली आणि त्वचा लाल होऊ लागलेली वेळीच दिसली.

लेखी हमीवर अजून सही झालेली नाही. सोमवारी दुसरी बैठक आहे. तिथे जे ठरेल ते याच धाग्यावर लिहीन.